अस्पष्ट, पण खरे

दरवर्षी स्मरणिकेचे काम हाती घेतले की लेख आणि जाहिराती मिळविण्यासाठी जेवढे श्रम पडतात, त्याहून अधिक श्रम छायाचित्रांवर खर्ची पडतात, असा आपल्या संपादक मंडळाचा अनुभव आहे. लेख उशिरा आला तरी तो छापता येतो. जाहिरातीच्या मजकुरात चूक असेल तर प्रुफात सुधारता येते. छायाचित्र मात्र जसे येते तसेच स्वीकारावे लागते. अलीकडे ते बहुधा व्हॉट्सॲपवरून येते. दोन-चार गटांतून फिरून आलेले, कडा कापलेले, चेहरे जेमतेम ओळखू येतील असे. सोबत एक ओळ असते : ‘डॉक्टरसाहेब, जरा क्लिअर करून छापा.’

छायाचित्रांची ही जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने मुद्रकाच्या शेजारी बसून पुष्कळ शिकायला मिळाले, आणि काही मते पक्की झाली. धूसर फोटो कितपत सुधारतो हा प्रश्न तांत्रिक आहे. त्याचे उत्तर गणितात सापडते. तो कितपत सुधारावा हा प्रश्न मात्र आपल्या सर्वांच्या विचाराचा आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे आपण अजून पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तांत्रिक बाजू. माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, संगणकात उतरविलेले जगातले पहिले छायाचित्र तीन महिन्यांच्या एका बाळाचे आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी फिरत्या नळकांड्यावर आपल्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो लावून तो यंत्राकडून टिपून घेतला. त्या संगणकाची स्मृती अगदी तोकडी होती. त्यामुळे चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके मावले. आज ज्यांना आपण पिक्सेल म्हणतो ते हेच ठिपके. कर्श यांनी ते चौकोनी ठेवले, आणि पुढे उतारवयात या चौकोनीपणाबद्दल त्यांनीच असमाधान व्यक्त केले. पण ते चित्र आजही पाहिले तर बाळ ओळखू येते. डोळे, गाल, तोंडाचा चंबू सारे जागच्या जागी आहे. ते चित्र पाच सेंटिमीटर चौरस, म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढे होते. तेच भिंतीएवढे केले असते तर नुसत्या चौकटी दिसल्या असत्या.

छपाईचे सारे शास्त्र या एका उदाहरणात आले. चांगल्या कागदावरील ऑफसेट छपाईला दर इंचाला सुमारे ३०० पिक्सेल लागतात. छपाईची जाळी इंचाला साधारण १५० रेघांची असते आणि प्रत्येक रेघेसाठी दोन पिक्सेल हाताशी असावेत, असा हा हिशेब आहे. आता मोजून पाहावे. आपल्या स्मरणिकेचे ए-४ आकाराचे पूर्ण पान व्यापायचे तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. तो साडेतेरा सेंटिमीटर रुंदीपर्यंत उत्तम छापला जातो, त्यापुढे ताणला की विरतो. २००३-०४ च्या सुमारास जे कॅमेरा असलेले मोबाईल आपल्याकडे आले, त्यांचे फोटो ६४० गुणिले ४८० पिक्सेलचे असत. ते सव्वापाच बाय चार सेंटिमीटरपर्यंतच चांगले छापता येतात. पण पासपोर्ट आकाराच्या छायाचित्राला ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल पुरतात, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे ज्याला आपण ‘खराब फोटो’ म्हणतो, तो पुष्कळदा केवळ चुकीच्या आकारात छापला जाणारा फोटो असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘फोटो ७२ डीपीआयचा होता, मी ३०० करून पाठवला आहे,’ असे अनेक जण अभिमानाने सांगतात. नुसता आकडा बदलल्याने फोटोत काहीही बदलत नाही. तेवढेच पिक्सेल कमी जागेत छापावेत एवढीच सूचना त्यातून मिळते. मापे तीच ठेवून आकडा वाढविला, तर संगणक दोन पिक्सेलांच्या मध्ये त्यांच्या सरासरीचे नवे पिक्सेल भरतो. दुधात पाणी घातल्याने दूध वाढत नाही, भांडे तेवढे भरते.

दुसरा शत्रू फाईल आटविण्याच्या पद्धतीत आहे. जेपीईजी ही १९९२ साली प्रमाणित झालेली पद्धत छायाचित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील जे बारकावे डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत ते गाळते. या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासमवेत १९७४ साली प्रसिद्ध केले होते, याचा आपणा भारतीयांस रास्त अभिमान वाटावा. या गणितामुळेच आज फोटो क्षणात सातासमुद्रापार जातो. परंतु फोटो दर वेळी नव्याने आटविला गेला की आणखी बारकावे गळतात. पाच गटांतून फिरलेल्या फोटोत गालावर आणि कपाळावर जे चौकोन उमटतात, ते यामुळे. व्हॉट्सॲपने २०२३ च्या ऑगस्टमध्ये अधिक पिक्सेलांचे फोटो पाठविण्याची सोय केली, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर तो मूळ रूपात जातो. ही सोय हाताशी असूनही आपल्यापैकी फार थोडे तिचा वापर करतात.

आता उपचारांकडे वळू. उपचाराआधी निदान हवे, हे डॉक्टरांना सांगायला नकोच. धूसरपणाची कारणे निरनिराळी असतात : नाभीयन चुकलेले, हात हललेला, प्रकाश अपुरा, पिक्सेल थोडे, किंवा वारंवार आटविल्याने झालेली झीज. या सर्वांवर एकच औषध चालत नाही. संगणकातील ‘शार्पन’चे बटण कडांच्या एका बाजूस अधिक काळे आणि दुसऱ्या बाजूस अधिक पांढरे करते. ही युक्ती संगणकापूर्वीच्या डार्करूममधली आहे. तिने डोळ्याला रेखीवपणा भासतो, नवा तपशील मिळत नाही. आणि मात्रा जास्त झाली की केसांभोवती पांढरी प्रभावळ दिसू लागते. अपुऱ्या प्रकाशातील फोटोचा रंग बिघडलेला असेल तर तो कृष्णधवल करणे हा साधा आणि सभ्य उपाय आहे. रंगांचे डाग त्याने जातात आणि चेहरा उठून दिसतो.

धूसरपणा नेमका कशामुळे आला हे अचूक माहीत असेल तर गणिताने तो काही अंशी उलटविता येतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण अवकाशातले आहे. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉनने अधिक सपाट घासला गेला होता आणि तिची चित्रे धूसर येऊ लागली. दोष किती आणि कसा, हे शास्त्रज्ञांना मोजता आले. त्यामुळे रिचर्डसन आणि लूसी यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली गणिती रीत वापरून त्यांनी बरीच चित्रे सुधारली. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना तेथे जाऊन दुर्बिणीला दोष घालविणारे आरसे, म्हणजे एका परीने चष्माच, बसवावे लागले. जगातील उत्तमोत्तम गणितज्ञ दिमतीला असूनही अखेर प्रकाश नव्याने आणि नीट टिपणे हाच खरा इलाज ठरला. मग लग्नाच्या पंगतीत हललेल्या हाताने काढलेल्या फोटोकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

येथवर जे उपाय सांगितले त्यांत फोटोत जे आहे तेच अधिक बरे दाखविण्याचा प्रयत्न होता. गेल्या काही वर्षांत मात्र निराळाच प्रकार आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ॲप्स धूसर चेहरा क्षणार्धात लख्ख करून देतात. पापण्यांचे केस मोजावेत इतका. हा चमत्कार कसा घडतो ते समजून घेतले पाहिजे. या यंत्रणेला हजारो स्पष्ट चेहरे आधी दाखविलेले असतात. आपल्या फोटोतील डोळा अस्पष्ट असला की ती आपल्याजवळच्या साठ्यावरून तेथे शोभेल असा डोळा बेतून बसविते. तो डोळा फोटोतल्या माणसाचा नसतो.

२०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची अशी एक प्रणाली प्रसिद्ध केली. सोळा बाय सोळा पिक्सेलांच्या चेहऱ्यापासून ती १०२४ बाय १०२४ पिक्सेलांचा चेहरा तयार करीत असे. म्हणजे दर ४०९६ पिक्सेलांमागे मूळचा आधार फक्त एका पिक्सेलचा, बाकी सारे अनुमान. कोणीतरी तिला बराक ओबामा यांचे अस्पष्ट केलेले छायाचित्र दिले आणि तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा काढून दिला. जगभर त्याची चर्चा झाली. व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी ही प्रणाली वापरता येणार नाही, असे तिच्या कर्त्यांनीच स्पष्ट केले होते. ओबामांचा खरा चेहरा जगाला ठाऊक होता म्हणून फसगत कळली. आपल्या समाजातील दिवंगत व्यक्तीचा चेहरा पन्नास वर्षांनंतर किती जणांना ठाऊक असणार आहे?

हा प्रश्न मला एका प्रसंगाने विशेष जाणवला. काही वर्षांपूर्वी आपल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या श्रद्धांजलीच्या पानासाठी त्यांचा एकच फोटो मिळाला, तोही एका समारंभातील गर्दीतून कापलेला. चेहऱ्याची रुंदी जेमतेम चाळीस पिक्सेल. डीटीपी करणाऱ्या मुलाने उत्साहाने तो एका ॲपमधून काढला. प्रूफ आले तेव्हा पानावर एक देखणे, तुकतुकीत त्वचेचे गृहस्थ होते. त्यांच्या घरी प्रूफ दाखविले. मुलाला फोटो आवडला. सूनबाईंनाही आवडला. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘यांच्या डाव्या भुवईत खोक होती. ती कुठे गेली?’ ती खोक लहानपणी झाडावरून पडल्याची होती, असे नंतर कळले. मूळ फोटोत तिच्या जागी एक पुसटसा फिकट ठिपका होता. यंत्राने तो दोष मानून भुवई सलग करून टाकली होती. आम्ही तो चेहरा काढला, मूळचा धूसर फोटोच कृष्णधवल करून तिकिटाएवढा छापला आणि उरलेल्या जागेत त्यांच्यावरचा मजकूर वाढविला. काकूंनी ते पान फ्रेम करून घेतले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. फोटो सजविण्याची प्रथा काही आजची नव्हे. पूर्वीचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या झाकत, कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग भरत, आणि आपल्या घराघरांतील भिंतींवर असे फोटो दिमाखात लटकत होते. मग आताच एवढी सोवळेगिरी का? याला माझे उत्तर असे. स्टुडिओतल्या कारागिरासमोर माणूस प्रत्यक्ष बसलेला असे, आणि त्याच्या पेन्सिलीखाली मूळ निगेटिव्हमध्ये चेहरा पूर्ण तपशिलाने उपस्थित असे. तो काही झाकत असे. नाक-डोळे नव्याने बनवीत नसे. शिवाय रंगविलेला फोटो रंगविलेला आहे हे बघणाऱ्याला कळे. फोटोवरून तैलचित्र करून घेतले तर त्यालाही आपण चित्र म्हणतो. त्यात चित्रकाराच्या हाताचा भाग आहे हे सर्वांना मान्य असते. नव्या ॲपमधून निघालेला चेहरा मात्र छायाचित्राचे सोंग घेऊन येतो. कुणाला आपल्या आजोबांचे असे चित्र घरात लावायचे असेल तर खुशाल लावावे. तो त्यांच्या घरातील मामला आहे. स्मरणिकेसारख्या नोंदीच्या जागी ते ‘फोटो’ म्हणून छापू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि छापायचेच असेल तर खाली स्पष्ट लिहावे की हे संगणकाने तयार केलेले रूप आहे.

आपण डॉक्टर मंडळींनी तर याबाबत अधिकच जागरूक राहिले पाहिजे, कारण हाच रोग आपल्या व्यवसायात शिरत आहे. रात्री अकराला आई बाळाच्या अंगावरील पुरळाचा फोटो पाठविते आणि विचारते, ‘डॉक्टर, हे गोवर तर नाही ना?’ अनेक मोबाईल चेहऱ्याची त्वचा आपोआप गुळगुळीत करतात. ज्या बारीक पुरळावरून निदान करायचे, नेमके तेच पुसले जाते. नवजात बाळाच्या काविळीचे तसेच. मोबाईलचा कॅमेरा प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखाली गोरेगोमटे बाळ पिवळे दिसेल आणि कावीळ झालेले बाळ निरोगी भासेल. ही अडचण ओळखूनच वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली काविळीसाठी मोबाईलची जी पद्धत मांडली, तीत बाळाच्या अंगावर प्रमाणित रंगांचे कार्ड ठेवून मग फोटो काढला जाई. तुलनेसाठी खरा रंग शेजारी असला तरच फोटोतल्या रंगाला अर्थ येतो. असे काही नसेल तर बाळाला दिवसाच्या उजेडात पाहणे आणि गरज पडल्यास रक्तातील बिलिरुबिन तपासणे याला पर्याय नाही. पालकांना माझे नम्र सांगणे आहे की, फोटोवरून डॉक्टरांनी निर्णय दिला नाही तर त्याला टाळाटाळ समजू नये.

क्ष-किरण चित्रांबाबत तेच. व्ह्यूबॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाईलने फोटो काढायचा, तो व्हॉट्सॲपने आटवायचा आणि मग तज्ज्ञाचे मत मागायचे, हा आता रोजचा प्रघात झाला आहे. अडचणीच्या वेळी तो उपयोगी पडतो, हे मी नाकारीत नाही. पण छातीतील हवेची केसासारखी बारीक रेघ किंवा बाळाच्या फासळीतला सूक्ष्म तडा या आटवाआटवीत सहज हरवतो. तेथे फोटो ‘सुधारणारे’ ॲप लावणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. एमआरआयसारख्या तपासण्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रतिमा उभारण्याच्या काही पद्धती तपासल्या असता लहानसे तपशील पुसले जाऊ शकतात, किंवा मुळात नसलेल्या खुणा उमटू शकतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. ती साधने टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही; ती पुढे फार उपयुक्त ठरतील. मात्र जे दिसते आहे ते टिपलेले की अनुमानाने भरलेले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

याचीच दुसरी बाजू गुप्ततेची. रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे, फोटो स्मरणिकेत किंवा व्याख्यानात दाखविताना डोळ्यांवर काळी पट्टी लावली किंवा चेहरा धूसर केला की काम झाले, अशी आपली समजूत आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने डोळे झाकणे अपुरे असल्याचे आपल्या शिफारशींत नमूद केले आहे. धूसर केलेला चेहरा ठरावीक ओळखीच्या माणसांपैकी कोणाचा आहे, हे संगणक बऱ्याच प्रमाणात ओळखू शकतो, हेही संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. वरवर हे चमत्कारिक वाटेल. एकीकडे मी म्हणतो की अस्पष्ट चेहऱ्यातून खरा चेहरा परत मिळत नाही, आणि दुसरीकडे म्हणतो की तो ओळखला जातो. पण पाठमोऱ्या माणसाला आपण चालीवरून ओळखतो, तेव्हा त्याचे नाक आपल्याला दिसलेले नसते. शिल्लक राहिलेल्या थोड्या खुणा ओळखीला पुरतात. हरवलेला तपशील घडवायला पुरत नाहीत. म्हणून मुलांच्या बाबतीत झाकण्यावर विसंबू नये, पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या समाजाच्या स्मृतीचा. आपल्या इंदूरचे छायाचित्रणाशी जुने नाते आहे. पुढे ‘राजा’ ही पदवी मिळालेले लाला दीनदयाळ १८६६ साली येथे बांधकाम खात्याच्या कार्यालयात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि होळकर दरबाराच्या आश्रयाने त्यांची कला बहरली. नंतर ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या काचांतून आजही अंगरख्यावरची वेलबुट्टी वेगळी काढता येते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने स्टुडिओत जाऊन, श्वास रोखून काढलेले कुटुंबाचे फोटोही आज निर्धास्तपणे मोठे करता येतात. उलट २००० ते २०१० या दशकातील आपले फोटो सर्वांत दुबळे ठरले आहेत. तेव्हा फिल्मचा रोल टाकणे बंद झाले, नवे कॅमेरे अशक्त होते, सीडी खराब झाल्या, जुने मोबाईल मोडीत गेले. ज्या काळात आपण सर्वाधिक फोटो काढले असे वाटते, त्याच काळाच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला हे परवडणारे नाही. आपला इतिहास कोणी सरकारी दप्तरात सविस्तर लिहून ठेवलेला नाही. तो गणेशोत्सवाच्या, नाट्यस्पर्धांच्या, शाळांच्या आणि आपल्यासारख्या संस्थांच्या स्मरणिकांतून विखुरलेला आहे. उद्या कोणी अभ्यासक इंदूरच्या मराठी डॉक्टरांविषयी लिहू लागला तर त्याला हीच पाने चाळावी लागतील. तेथे त्याला यंत्राने कल्पिलेले चेहरे मिळाले तर आपण त्याची आणि आपल्या पूर्वसुरींची वंचना केली, असे होईल.

म्हणून संपादक मंडळापुढे आणि सभासदांपुढे मी काही सूचना ठेवतो. छायाचित्रे छपाईच्या आदल्या आठवड्यात न मागता दोन महिने आधी मागवावीत, आणि ती ई-मेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच स्वीकारावीत. फोटो धूसर असेल तर तो सुधारण्याआधी मूळ प्रत शोधावी. ज्याने काढला त्याच्या जुन्या संगणकात, अल्बममध्ये किंवा त्याच समारंभास हजर असलेल्या दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये ती बहुधा सापडते. मूळ मिळाले नाही तर फोटो त्याच्या पिक्सेलांना झेपेल तेवढ्याच आकारात छापावा. मोठेपणाचा आग्रह धरू नये. शंभर जणांचा समूहफोटो पाव पानात कोंबण्यापेक्षा त्याला आडवे पूर्ण पान द्यावे, आणि तेवढे पिक्सेल नसतील तर मोजक्या जणांचा फोटो घ्यावा. उजेड, रंग, कातरणी आणि हलके ‘शार्पन’ यांना मुभा असावी. चेहरा नव्याने बनविणाऱ्या ॲपला नसावी. घरातील जुने छापील फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करून ठेवावेत, आणि मागची बाजूही स्कॅन करावी, कारण आजीच्या अक्षरातील नावे व तारीख तेथेच असते. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावे, ठिकाण आणि वर्ष लिहावे. अस्पष्ट चेहऱ्याची ओळख टिकविण्यासाठी नावाइतके खात्रीचे साधन दुसरे नाही, आणि त्याला एकही पिक्सेल लागत नाही.

फोटो मुळीच मिळाला नाही तरी काही बिघडत नाही. आपल्या सहकाऱ्याची भुवईतील खोक, रुग्णाशी बोलण्याची लकब, मध्यरात्री स्कूटरवर व्हिजिटला जाण्याची सवय या गोष्टी चार ओळींत लिहिता येतात, आणि लिहिल्या तर त्या टिकतात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी सभासदांनी आतापासूनच कपाटे आणि जुन्या हार्ड डिस्क उघडाव्यात, ज्येष्ठांना शेजारी बसवून नावे लिहून घ्यावीत, अशी माझी सर्वांस आग्रहाची विनंती आहे. जे फोटो सापडतील ते जसे असतील तसे पाठवावेत. धूसर असले तरी चालतील.